‘टाइमलाइन’ : मोजणी कोणत्या दिवसापासून?

गेल्या महिन्यात एकाच दिवशी ‘टाइमलाइन’ हा शब्द तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडून माझ्या कानी आला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. सकाळी विभागीय कार्यालयाचे पत्र आले. प्रलंबित गृहकर्ज प्रकरणांची ‘टाइमलाइन’ दोन दिवसांत कळवावी, असे त्यात म्हटले होते. दुपारी एका कर्जदाराने, काहीसे वैतागूनच, “मॅडम, मला फक्त टाइमलाइन सांगा, बाकी काही नको,” असे सुनावले. रात्री घरी परतले तर इयत्ता आठवीतील पुतणी कार्डशीट, स्केचपेन आणि पट्टी घेऊन माझी वाट पाहत होती. शाळेने तिला स्वातंत्र्यलढ्याची ‘टाइमलाइन’ काढून आणावयास सांगितले होते.

विभागीय कार्यालयाला कामाचे वेळापत्रक हवे होते. कर्जदाराला शेवटची तारीख हवी होती. पुतणीला घडून गेलेल्या घटनांची क्रमवार मांडणी हवी होती. एका शब्दाला तीन अर्थ असणे भाषेला नवे नाही. परंतु बँकेच्या व्यवहारात या अर्थांची सरमिसळ झाली की तिची किंमत रुपयांत मोजावी लागते, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच या शब्दाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. मी भाषातज्ज्ञ नाही, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. तेव्हा हिशेबाच्या वाटेने या शब्दापर्यंत पोहोचले, तर वाचक समजून घेतील.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘टाइम’ म्हणजे काळ आणि ‘लाइन’ म्हणजे रेषा. काळ ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कागदावरील रेषेने दाखवायची, ही कल्पना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागली असेल, हे लक्षातच येत नाही. या कल्पनेला लोकप्रिय करणाऱ्यांत जोसेफ प्रीस्टली या इंग्रज विद्वानाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. प्राणवायूच्या शोधासंबंधात शाळेत आपण वाचलेले प्रीस्टली ते हेच. त्यांनी १७६५ मध्ये ‘अ चार्ट ऑफ बायोग्राफी’ नावाचा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला. सुमारे दोन हजार प्रसिद्ध व्यक्तींची आयुष्ये त्यात आडव्या रेषांनी दाखविली होती. रेषा जितकी लांब, तितके आयुष्य दीर्घ. ज्यांच्या जन्माची किंवा मृत्यूची तारीख निश्चित ठाऊक नव्हती, त्यांच्या रेषेच्या टोकाशी त्यांनी ठिपके दिले. ठाऊक आहे तेथे रेषा आणि ठाऊक नाही तेथे ठिपके, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आपल्या कार्यालयीन अहवालांत ठिपक्यांना जागाच नसते. तेथे प्रत्येक रकान्यात काहीतरी तारीख भरावीच लागते.

पुढे १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर यांनी इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे आडव्या कालरेषेवर चढत्या-उतरत्या रेषांनी मांडले. आज प्रत्येक ताळेबंदाच्या पुस्तिकेत दिसणारा आलेख तेथूनच आपल्याकडे आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता कारखान्यांत रूढ झाला. कोणते काम कधी सुरू होणार, किती दिवस चालणार आणि कोठे संपणार, हे तो आडव्या पट्ट्यांनी दाखवितो. घडून गेलेल्या काळासाठी काढलेली रेषा येथे पुढच्या काळासाठी वापरली जाऊ लागली. आपल्या कार्यालयांतील ‘टाइमलाइन’ ही या दुसऱ्या घराण्यातील आहे.

मराठीला मात्र ही कल्पना परकी नव्हती. आपल्याकडे ‘शकावली’ होती. शकांच्या, म्हणजे वर्षांच्या, ओळीने घटनांची नोंद ठेवायची, ती शकावली. बखरीत कथन असते, वर्णन असते, क्वचित अतिशयोक्तीही असते. शकावली कोरडी, अमुक शके, अमुक मास, अमुक तिथी, अमुक घडले, एवढेच सांगून ती पुढे जाते. परंतु या कोरडेपणाचे मोल केवढे असते, हे जेधे शकावलीने दाखवून दिले. भोर परिसरातील कारी येथील जेधे देशमुख घराण्याकडील ही नोंद लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, हे तीत स्पष्टपणे नोंदलेले होते. ही तिथी म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी प्रचारात होती. दोन्हींत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर आहे. दीर्घ वादानंतर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी हीच तारीख स्वीकारली. एका देशमुखी दप्तरात कोणीतरी मिती घालून ठेवलेल्या एका ओळीचे हे सामर्थ्य आहे. आमच्या शाखेतील आवक नोंदवहीत तारीख घालण्याचा कंटाळा करणाऱ्या नव्या सहकाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. ते हसतात, पण तारीख घालतात.

भविष्यकाळासाठीही आपले शब्द होतेच. ‘मुदत’ हा अरबीतून आलेला शब्द आपल्या सावकारीत आणि नंतर बँकव्यवसायात इतका मुरला की ‘मुदत ठेव’ला दुसरे नाव सुचतच नाही. हुंड्यांमध्ये दर्शनी आणि मुदती असे दोन प्रकार होते. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यायचे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या मितीला. ‘हप्ता’ या शब्दाची कथा तर मौजेची आहे. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत तो शब्द आला आणि ठरावीक काळाने द्यावयाच्या रकमेला चिकटला. आता तर आपला हप्ता सर्रास महिन्याचा असतो आणि त्यातील ‘सात’ कोणालाच आठवत नाहीत. माझी पहिली नेमणूक इंदूरला होती. तेथील मराठी ग्राहक घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारे. “हफ्ते में भर दूँगा,” असे एक दुकानदार म्हणाले तेव्हा मी त्याचा अर्थ ‘हप्त्या-हप्त्याने भरीन’ असा केला. त्यांचा अर्थ ‘आठवडाभरात भरीन’ असा होता. कर्जाच्या हप्त्याला तेथे ‘किस्त’ म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आठव्या दिवशी ते पूर्ण रक्कम घेऊन हजर झाले आणि मी मात्र त्यांच्यासाठी हप्त्यांचा तक्ता करून बसले होते!

इंग्रजीत ‘टाइमलाइन’च्या शेजारी ‘डेडलाइन’ हा शब्द राहतो आणि आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. डेडलाइनचा उगम मात्र भीषण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत लाकडी पट्ट्यांची एक बुटकी रांग उभारलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. पुढे हा शब्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देण्याच्या शेवटच्या घटकेसाठी वापरला जाऊ लागला. डेडलाइन हा असा एकच बिंदू आहे. त्याच्या अलीकडे सर्व क्षम्य आणि पलीकडे काहीच नाही. टाइमलाइन ही संपूर्ण रेषा आहे. तिला आरंभ असतो, मधले टप्पे असतात आणि शेवटही असतो.

ग्राहक आणि बँक यांच्यातील वाद बहुतेक वेळा शेवटच्या तारखेवरून होत नाहीत. ते होतात आरंभाच्या तारखेवरून. ‘तीस दिवस’ हे दोघांनाही मान्य असते; परंतु ते कोणत्या दिवसापासून, हे कोणी विचारलेले नसते. याचे एक उदाहरण विस्ताराने सांगते.

सुमारे तीन वर्षांपूर्वी आमच्या शाखेचे एक जुने ग्राहक, लाकडाच्या वखारीचे मालक, २६ फेब्रुवारीच्या दुपारी माझ्यासमोर येऊन बसले. एका कंत्राटदाराला त्यांनी सागवान आणि प्लायवूड दिले होते. त्यापोटी १० जानेवारी या तारखेचा ८५,००० रुपयांचा धनादेश त्यांना मिळाला. तो त्यांनी चार दिवसांनी खात्यात भरला. पुरेशी शिल्लक नाही, या कारणाने तो न वटता परत आला आणि परतीचा मेमो त्यांना १७ जानेवारीला मिळाला. कंत्राटदाराने “पुढच्या सोमवारी नक्की,” असे सांगितले. काकांनी पाच सोमवार वाट पाहिली. मग वखारीवर आलेल्या कोणीतरी सांगितले, की नोटीस द्यायला तीस दिवसांचीच मुदत असते, ती संपली, आता चेक म्हणजे रद्दी.

“मॅडम, टाइमलाइन गेली ना? मग हा चेक फाडून टाकू का?” त्यांनी विचारले. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क त्याच पैशांतून भरायचे होते, हे त्यांनी उठता उठता सांगितले.

“काका, आधी बसा. चेक फाडू नका,” असे म्हणून मी भरणा-स्लिपच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेषा काढली.

चलनक्षम दस्तऐवजांच्या १८८१ च्या कायद्यातील कलम १३८ अन्वये, धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती. २००२ च्या दुरुस्तीने ती तीस दिवसांची झाली. मोजणी धनादेशाच्या तारखेपासून नाही, तो भरल्याच्या तारखेपासूनही नाही, तर माहिती मिळाल्यापासून होते, आणि तो पहिला दिवस सोडून. म्हणजे १७ जानेवारी सोडून मोजता तीस दिवस १६ फेब्रुवारीला पूर्ण झाले. येथपर्यंत वखारीवरच्या सल्लागाराचे म्हणणे बरोबर होते.

परंतु त्याच कागदावर आणखी एक रेषा चालू होती. धनादेशाची स्वतःची मुदत. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच वैध असतो; त्याआधी हा काळ सहा महिन्यांचा होता. १० जानेवारीचा धनादेश एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निश्चितच जिवंत होता. आणि या काळात तो पुन्हा भरता येतो. पहिल्यांदा परत आल्यावर नोटीस दिली नाही म्हणून दुसऱ्यांदा परत आल्यावर कारवाईचा हक्क जातो काय, हा प्रश्न पूर्वी वादाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये एमएसआर लेदर्स प्रकरणात तो निकाली काढला. धनादेश वैध असेपर्यंत पुन्हा सादर करता येतो आणि नंतरच्या परतीवरही कारवाई करता येते, असा तो निर्णय आहे.

काकांची एक रेषा संपली होती, दुसरी शिल्लक होती. त्यांना कोणीतरी एकाच रेषेविषयी सांगितले होते, इतकेच.

त्यांनी तो धनादेश पुन्हा भरला. तो पुन्हा परत आला. मेमो मिळाला तो ३ मार्चला. आता नोटिशीचा शेवटचा दिवस २ एप्रिल. मी वकील नाही आणि बँकेच्या अधिकाऱ्याने वकिली करूही नये. म्हणून पुढचे काम त्यांना वकिलांकडे सोपविण्यास सांगितले. मात्र यापुढच्या प्रत्येक कागदावर तारीख लिहून घ्या, एवढे बजावले. वकिलांची नोटीस ९ मार्चला नोंदणीकृत टपालाने गेली. कंत्राटदाराला ती १३ मार्चला मिळाली. येथून तिसरी मोजणी सुरू होते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम चुकती करण्याची संधी धनादेश देणाऱ्याला असते. हे पंधरा दिवस २८ मार्चला संपत होते. तोवर पैसे आले नसते, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करावी लागली असती, आणि हा महिना तीस दिवसांचा नसून दिनदर्शिकेप्रमाणे धरावयाचा असतो. परंतु तशी वेळ आली नाही. २६ मार्चला संपूर्ण ८५,००० रुपये खात्यात जमा झाले.

एकाच प्रकरणात तीन महिने, तीस दिवस, पंधरा दिवस आणि एक महिना, अशा चार मुदती आहेत आणि प्रत्येकीचा आरंभबिंदू वेगळा आहे. एक धनादेशावरील तारखेपासून, दुसरी मेमो मिळाल्यापासून, तिसरी नोटीस समोरच्याला पोहोचल्यापासून आणि चौथी ते पंधरा दिवस संपल्यापासून. ‘टाइमलाइन किती?’ या प्रश्नाला येथे एका आकड्यात उत्तर देणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणे होय. (ज्यांची ही वाट खरोखरच बंद झाली आहे, त्यांनीही निराश होऊ नये. येणे रकमेसाठी दिवाणी दावा करण्यास मुदत कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात. अर्थात तीही कोणत्या दिवसापासून, हे वकिलांकडून समजून घ्यावे.)

कर्जखात्याच्या बाबतीत हाच आरंभबिंदू कर्जदाराच्या विरुद्ध जातो. हप्ता थकला तर खाते नव्वद दिवसांनी अनुत्पादक होते, हे बहुतेक कर्जदारांना ऐकून माहीत असते. ते मनात ‘तीन महिने’ असे धरतात आणि तेथेच चुकतात. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात याचे स्वच्छ उदाहरण दिले आहे. हप्त्याची तारीख ३१ मार्च असेल आणि त्या दिवशीचे कामकाज बंद करण्याची प्रक्रिया होईपर्यंत संपूर्ण रक्कम आली नाही, तर खाते ३१ मार्चलाच थकीत धरले जाते. ३० एप्रिलला आणि मग ३० मेला ते विशेष उल्लेखित खात्यांच्या एकेका पायरीवर जाते आणि २९ जूनला अनुत्पादक होते. ३० जून नव्हे, २९ जून. “तीस तारखेला पगार होतो, त्याच दिवशी भरतो,” असे म्हणणारा कर्जदार अत्यंत प्रामाणिक असू शकतो. परंतु तो एक दिवस उशिरा पोहोचलेला असतो. शिवाय एकदा खाते त्या वर्गात गेले, की एक हप्ता भरून ते बाहेर येत नाही. सर्व थकीत मुद्दल आणि व्याज चुकते करावे लागते. आम्ही कर्मचारी हे वाक्य कर्जमंजुरीच्या वेळी भराभर वाचून दाखवितो. ते कर्जदाराकडून त्याच्या हप्त्याच्या तारखेनिशी बोटांवर मोजून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे.

‘दिवस’ म्हणजे कोणता दिवस, हाही प्रश्न आहेच. एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा व्हावेत आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरविले. हे पाच दिवस दिनदर्शिकेतील आहेत. मध्ये दिवाळी असो की रविवार, मोजणी थांबत नाही. उलट, खात्यातून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाल्यास ग्राहकाने बँकेला कळविण्यासाठी ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जी तीन दिवसांची मर्यादा घातली गेली, ते तीन कामकाजाचे दिवस. ते ग्राहकाच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे आणि बँकेकडून संदेश मिळाल्याचा दिवस त्यातून वगळायचा. एकाच पासबुकातील दोन नोंदी आणि दोघींचे दिवस वेगळे! अर्थात फसवणुकीच्या बाबतीत तीन दिवस मिळतात म्हणून कोणी तीन दिवस थांबू नये. चोरीला गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काही मिनिटांतच सरकते. अशा वेळी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळविणे हाच उपाय आहे. नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून त्या त्या वेळचा नियम शाखेत विचारून घ्यावा, ही विनंतीही येथेच करते.

फसवणूक करणारे लोक खोटी टाइमलाइन वापरण्यात मोठे पटाईत आहेत. “आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा तोडला जाईल,” किंवा “चोवीस तासांत केवायसी न केल्यास खाते बंद होईल,” असे संदेश आपण सर्वांनी पाहिले असतील. या संदेशांत शेवटची घटका असते; आरंभ नसतो. कोणत्या पत्राच्या आधारे, कोणत्या तारखेपासून ही मुदत मोजली, याचा त्यात पत्ताच नसतो. बँक खरोखर एखादी मुदत घालते तेव्हा तिच्यामागे आधीचे पत्र, आधीची सूचना असते. माझी आई आता असा संदेश आला की “आधी मला का नाही कळवलं?” असे मोबाइललाच विचारते आणि तो खोडून टाकते.

मोबाइलवरील समाजमाध्यमांनीही हा शब्द घरोघरी नेला. फेसबुकने २०११ मध्ये व्यक्तीच्या पानाला ‘टाइमलाइन’ हे नाव दिले, तेव्हा एखाद्याच्या आयुष्यातील घटना वर्षांच्या क्रमाने दिसाव्यात, ही कल्पना होती. तेथे नवे वर आणि जुने खाली. म्हणजे शकावली उलटी टांगलेली. पुढे अनेक माध्यमांवर दिसणाऱ्या मजकुराचा क्रम वेळेवरून न ठरता वाचकाच्या आवडीनिवडीच्या अंदाजावरून ठरू लागला. त्याला रेषा म्हणणे आता अवघडच आहे.

मृत खातेदारांच्या वारसांचे दावे हा विषय मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. सर्व आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांत म्हटले आहे. यातील ‘सर्व’ या शब्दात पुष्कळ काही दडलेले आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग मला अजूनही टोचतो. एक भगिनी पतीच्या खात्याचा दावा घेऊन आल्या होत्या. मी अर्ज घेतला, पोच दिली आणि “पंधरा दिवसांत होईल,” असे सांगितले. सोळाव्या दिवशी त्या आल्या, तेव्हा कळले, की अर्जावर एका साक्षीदाराची स्वाक्षरी राहिली होती. आमच्या लेखी पंधरा दिवस सुरूच झाले नव्हते. त्यांच्या लेखी ते संपले होते. नियमाने मी चुकले नव्हते. पण पहिल्याच दिवशी अर्जाची शेवटची ओळ नीट पाहिली असती, तर त्यांना गावाहून दुसऱ्यांदा एसटीने यावे लागले नसते. तेव्हापासून असा कोणताही अर्ज घेताना मी दोन गोष्टी करते. काय कमी आहे त्याची यादी त्याच वेळी हातात देते आणि काहीच कमी नसेल, तर पोचपावतीवर ‘कागदपत्रे पूर्ण’ असे लिहून त्याखाली तारीख घालते. ती तारीख ग्राहकाची असते; तिथून पुढचे दिवस बँकेचे.

कर्जफेड झाल्यावर घराचे मूळ दस्तऐवज परत मिळण्याबाबतही ग्राहकांनी अशीच तारीख मागून घ्यावी. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यावर तीस दिवसांत दस्तऐवज परत करणे बंधनकारक झाले आणि बँकेमुळे होणाऱ्या विलंबासाठी दररोज ५,००० रुपये भरपाई ठरली. येथे प्रश्न येतो तो ‘पूर्ण’ या शब्दाचा. शेवटचा हप्ता गेला, पण काहीशे रुपयांचे व्याज किंवा शुल्क खात्यात राहून गेले, असे अनेकदा होते. म्हणून शेवटचा हप्ता भरताना खाते शून्य झाल्याचा उतारा हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

आता मराठीत ‘टाइमलाइन’ला काय म्हणावे? पुतणीच्या कार्डशीटवर ‘कालरेषा’ शोभून दिसते. कामाच्या आखणीला ‘वेळापत्रक’ पुरेसे आहे. शेवटच्या तारखेला ‘मुदत’ किंवा ‘अंतिम दिनांक’. तीन अर्थांसाठी आपल्याकडे तीन शब्द सहज उपलब्ध आहेत आणि तिथे इंग्रजी एकच शब्द आपण सर्वत्र फिरवितो. मी शुद्धतेचा आग्रह धरणारी नाही; चेकला मी दिवसभर चेकच म्हणते. पण ग्राहकाने ‘टाइमलाइन’ विचारली, की त्याला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे आधी विचारून घेते. त्यात अर्धे मिनिट जाते.

त्या दिवशीच्या वैतागलेल्या कर्जदारालाही तेच विचारले. त्यांना बिल्डरला द्यावयाच्या रकमेची तारीख गाठायची होती. मूल्यांकन अहवाल कधी येणार, वकिलांचा शोध अहवाल कधी, मंजुरी कधी आणि रक्कम कधी, असे चार टप्पे मी त्यांना लिहून दिले. शोध अहवालाच्या पुढे तारखेऐवजी ठिपके काढले, कारण निबंधक कार्यालयातील जुने दस्त मिळायला किती दिवस लागतील, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बिल्डरशी बोलून आठ दिवस वाढवून घेतले.

उत्साहाच्या भरात विभागीय कार्यालयालाही मी तसाच तक्ता पाठविला. प्रत्येक प्रकरणाचा आरंभ, मधले टप्पे, कोणत्या टप्प्याचे दिवस कोणाच्या हातात, आणि दोन ठिकाणी ठिपके. दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनी आला. “मॅडम, तक्ता छान आहे. पण आमच्या फॉर्मॅटमध्ये रकाना एकच आहे. तेवढी शेवटची तारीख कळवा.”